कोरड्या तोंडाची सभा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे, पण तो पोहोचला असं समज. हल्ली वाकून एकदम उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि भिंत धरावी लागते. ज्याने जन्मात कुठल्या मालकापुढे मान वाकवली नाही, त्याला बहिणीपुढे वाकल्याची ही शिक्षा!) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? तो थांबला नसेल तर त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. हे मी लिहितो आहे याचं तुला हसू येईल, म्हणून आता सगळं सविस्तर सांगतो.

गेल्या सहा महिन्यांत माझं मन आतून बसलं. रडू येत नव्हतं, आलं असतं तर निदान काही घडल्यासारखं वाटलं असतं. वर्तमानपत्र यायचं आणि घडीसकट पडून राहायचं. तुला ठाऊक आहे, तीस वर्षं मी रोज सकाळी अग्रलेखाशी उभ्याने, मोठ्याने भांडत आलो (वरच्या मजल्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावायचे). एके दिवशी तुझी भावजय स्वतःच अग्रलेख वाचायला लागली, मला डिवचायला. त्यातलं सगळ्यात नालायक वाक्य तिने दोनदा वाचलं. मी म्हणालो, “असेल बाई, बरोबर असेल त्यांचं.” तिने पेपर खाली ठेवला, चप्पल घातली आणि मला थेट मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

आता या डॉक्टरबाईंशी माझा जुना संबंध निघावा, याला काय म्हणावं! दहाएक वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या सभागृहात मी दीड तास बोललो होतो. दुःखाचं औषध दुकानात मिळत नाही, हा विषय. माणूस खचतो तो त्याला खचवलं जातं म्हणून. त्याला गोळी देणं म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं, असं मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. (यातलं पहिलं वाक्य मला आजही शंभर टक्के मान्य आहे. दुसऱ्याचं काय करायचं ते समजत नाही.) बाई तेव्हा शिकत होत्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. “फार सुंदर बोलला होतात हो,” त्या म्हणाल्या, “आता बाही वर करा, रक्तदाब बघू.”

आधी सहा आठवडे त्यांनी नव्या जातीचं औषध दिलं, त्याने काही फरक पडला नाही. मग जुनी जात काढली. तिला ट्रायसायक्लिक म्हणतात. वयाने साधारण माझ्याएवढीच आहे आणि स्वभावानेही. म्हणजे उपयोगी, पण सांभाळायला त्रासदायक. ही औषधं हृदयाच्या ठोक्यांत लुडबुड करू शकतात म्हणून आधी हृदयाचा आलेख काढला. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होईल, असं सांगितलं. आपल्या मनाने बंद करायचं नाही. दारूला शिवायचं नाही. (मी बाणेदारपणे म्हणालो, आयुष्यात शिवलेलो नाही. बाई म्हणाल्या, “मग एक काम कमी.”) आणि डबी तुझ्या भावजयीच्या ताब्यात, तीही आठवड्यापुरतीच, कारण या गोळ्या जास्त गेल्या तर जिवावर बेततं. हे शेवटचं बाई माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून बोलल्या. तेव्हापासून ती डबी उशाखाली घेऊन झोपते आणि मी आंघोळीला जरा जास्त वेळ लावला की दाराबाहेरून विचारते, “अहो, टॉवेल आहे ना?” टॉवेल असतोच, ताई. तिला टॉवेलचं विचारायचंच नसतं.

गोळीचे पराक्रम काय सांगू! पोट असं संपावर गेलं की मी चालवलेला एकही संप इतका चिवट नव्हता. छापील अक्षरं धूसर झाली. दुपारी सुस्ती. आणि तोंड! घोटभर पाणी पोटात जाईपर्यंत पुन्हा कोरडं. औषधाच्या दुकानात तुझी भावजय पैसे देत होती, तेवढ्यात शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर भेटले. माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी बघून ते खूश झाले. “अरे वा, तुमचेही तळपाय जळतात?” त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी हीच गोळी, लहान मात्रेत, पायाच्या आगीसाठी दिलेली. विचार कर, माझं उभ्या आयुष्याचं वैचारिक दुःख आणि या गृहस्थांचे तळपाय एकाच पट्टीत! मी म्हणालो, हो, जळतात. झालं. चार दिवसांत सगळ्या इमारतीला माझे पाय कळले. जिन्यात भेटेल तो खाली बघून चौकशी करतो. एका बाईंनी मलमाची डबी आणून दिली. समाजापुढे सत्य बोला असं गरजणारा मी, रोज संध्याकाळी गॅलरीत बसून निरोगी पायांना मलम चोळत असतो, कारण समोरून दिसतं.

आता सभेचं. आमच्या खोक्यांच्या कारखान्यात चिकटवणीच्या खोलीला खिडकी नाही. तेरा माणसं गोंदाच्या वाफेत दिवसभर उभी असतात. दूषित हवा बाहेर टाकणारे दोन पंखे बसवा, ही मागणी अकरा वर्षांची. त्या आठवड्यात एक बाई तिथे भोवळ येऊन पडली, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दारावर सभा घेतली. मी उलट्या पेटीवर चढलो. भाषण डोक्यात तयार होतं, पहिल्या वाक्याला धारही चांगली होती. तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. पाण्याचा तांब्या माझ्यापासून दहा पावलांवर आणि मधे दोनशे माणसं. मी तसाच उभा. लोकांना वाटलं, पडलेल्या बाईसाठी मी मुद्दाम गप्प आहे, आणि तेही गप्प झाले. यंत्रं बंद, दोनशे माणसं मुकी, आणि पेटीवर मी, तोंड अर्धं उघडं. मॅनेजर आधी कचेरीच्या खिडकीत आले, मग जिन्यात, मग थेट आमच्यात. ज्याला गप्प करण्यात कंपनीची अकरा वर्षं गेली तो आपण होऊन गप्प बसला, म्हणजे याच्या मनात काहीतरी भयंकर आहे, असं त्यांनी ताडलं असावं. “सोमवारी पंखे बसतात,” ते म्हणाले, “पण तुम्ही काहीतरी बोला हो!”

सोमवारी पंखे बसले. चिकटवणीतल्या सगळ्यांत जुन्या मावशी मुद्दाम भेटायला आल्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, “आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं भाषण, दादा.” त्यांनी ते मनापासून म्हटलं, ताई. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

एक गोष्ट औषधाच्या बाजूने सांगितलीच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. सभेच्या दोनच दिवस आधी, चौथ्या आठवड्यात, मला भूक लागली. खरी भूक. मी तुझ्या भावजयीला विचारलं, खायला काय आहे ग? ती पाठ फिरवून डबे उघडत बसली, बराच वेळ, रिकामेसुद्धा.

असो. पत्र फार लांबलं. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. शब्दकोशाचा पहिला खंड तू मागच्या खेपेला नेलास, तो सवडीने परत दे. घाई नाही.

ता. क. २. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त एक गाळलं. सभेच्या दिवसापासून, म्हणजे आज तीन आठवडे, मी गोळी घेतलेली नाही. तुझी भावजय हातावर ठेवते, मी गिळल्यासारखं करतो. मला आवाज परत हवा होता. तो आला आहे. परवा आरशापुढे उभा राहून पाहिलं, खणखणीत निघाला, पण त्याने काय बोलायचं ते मला सापडलं नाही. भूक पुन्हा गेली. अचानक बंद केल्याची चक्कर आहे ती वेगळीच.

ता. क. ३. न घेतलेल्या गोळ्या कापसात गुंडाळून याच पाकिटात घातल्या आहेत. त्या टाकून देता येतात हे मलाही कळतं. चार दिवस खिशात घेऊन घरभर फिरलो आणि टाकल्या नाहीत. का, ते विचारू नकोस, तुला समजलं असेल. त्या मोजू नकोस, औषधाच्या दुकानात देऊन टाक आणि मिळेल त्या पहिल्या गाडीने ये. डॉक्टरबाईंकडे मी येईन, तुम्ही दोघी न्याल तसा. पण तुझ्या भावजयीला हे तू सांग. मी आज सांगायला म्हणून तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा पाणी मागून परत आलो.