मध्यंतरातला माणूस

९ जाने.
संध्याकाळी मॅच. सासूबाई, धाकटा दीर दिनेश आणि मी, तिघांत एक मोबाईल. आखातातली एवढी मोठी लीग, पण गोल कोण करतं याच्याशी आम्हाला काय! मध्यंतरात खेळाडू आत गेले की उखडलेलं गवत दाबायला हिरव्या जाकिटातली माणसं येतात, त्यांत आमचे हे. तेवढ्यासाठी पाऊण तास बसायचं.
आज एकेक चेहरा पाहिला, हे नव्हतेच. सासूबाईंनी भलत्याच उंच माणसावर बोट ठेवलं. "त्यो बघ माझा संतोष! लय वाळलाय." मी हो म्हणाले. हिरमोड कशाला करायचा.

१० जाने.
ह्यांचा फोन. "काल दिसलो का?" दिसलात की, म्हटलं. वाटलं, हसतील, खरं सांगतील. तर म्हणे, "लय थंडी होती मैदानात." खोटारडे.

१७ जाने.
आजही नाहीत. सा.बा.ना मात्र सापडले, या वेळी तिसराच कोणीतरी. मी पुन्हा मान डोलावली.
मग फोनवर कडाकडा भांडले, तेव्हा कुठे फुटले. कामावरून काढून महिना झालाय. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलाय, त्यामुळे परतही येता येत नाही. आठ जण एका खोलीत. "कुणाला सांगू नको. माय हाय खाईल." शपथ घातली. सुटले ते. आता मी अडकले.

१९ जाने.
दिनेशचं जायचं नक्की. तोच एजंट, तीच कंपनी, गवताचंच काम. उद्या परभणीला पासपोर्ट द्यायचा. "दादाच्या जोडीला जायलोय," गावभर सांगून आला. पुरणपोळी केली, मीच वाढली त्याला. हा ह्यांच्याच जागेवर चाललाय, आणि ते…

२० जाने., सकाळ
शपथ मोडली. अंगणात दिनेशला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, दादा मैदानात हाय म्हणून तुमीच म्हणलात की. दोनदा. आता मी जायलोय तर तुमच्या पोटात का दुखायलंय?"
सा.बा. आतून, "काय झालं गं?"
काही नाही, म्हणाले मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.
तो पासपोर्ट खिशात घालून पिंगळी स्टेशनावर गेलाय. मी ह्यांना फोन लावतेय, निदान भावाला तरी स्वतःच्या तोंडानं सांगा म्हणून. चारदा लावला. रिंग जाते, उचलत नाहीत.
गाडीला वीस मिनिटं आहेत. चप्पल घालतेय.