पेवातला डायरेक्टर

२ फेब्रुवारी १९९७, विटा. दुपारी.
आजपासून लग्नाचं शूटिंग बंद. निर्णय पक्का. फक्त मामांना सांगायचा राहिलाय.

कारण राजरत्न. लोणंदचा. सांगलीच्या कॉलेजात माझ्याच बाकावर बसायचा. तेव्हा तो गिटार वाजवायला लागला की आम्ही हसायचो. (मी कमी हसायचो.) आता पुण्याच्या एका कंपनीनं त्याची कॅसेट काढलीय आणि 'दार कुणी लावलं' हे त्याचं गाणं माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या प्रत्येक जीपमध्ये वाजतंय. मराठीत रॉक. ओरडतो, पण सुरात ओरडतो. कंपनी म्हणते, व्हिडिओ करून आणलास तर चॅनेलवर लावायचं बघू. त्यानं मला विचारलं. विचार करून सांगतो म्हणालो आणि त्याच दमात हो म्हणालो.

मामा म्हणजे सासरे. सुभेदार लालासाहेब, रिटायर्ड. दुकान त्यांचं, कॅमेरे त्यांचे, दुकानावरची खोली त्यांची, आणि त्या खोलीत राहणारी माझी बायको त्यांची मुलगी. दुकानाचं नावही तिच्यावरूनच, 'शिवांजली व्हिडिओ'. मी इथं तात्पुरता राहतोय. लग्न झाल्यापासून.

३ फेब्रुवारी.
मामांना सांगितलं नाही. मूड नव्हता. (त्यांचा.) उद्या.

१६ फेब्रुवारी. रात्री.
कडेगावला लग्न. हे शेवटचं.

नवरा कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात. आमच्याकडची निम्मी पोरं त्याच धंद्यात, वर्षभर परमुलखात आणि लग्नाला गावी. त्यामुळं नवरीच्या अंगावर सोनं भरपूर आणि तिच्या आईला प्रत्येक दागिन्याचा क्लोज-अप पाहिजे. बांगड्यांवरून कॅमेरा फिरवताना मनात राजरत्नचं गाणं लावलं. त्यामुळं अक्षतांच्या वेळी मी आकाश शूट करत होतो. तांदूळ वरून कसे येतात ते. आर्टिस्टिक.

शिवांजलीनं जुन्या छोट्या कॅमेऱ्यावर नवरानवरी घेतली होती म्हणून निभावलं. बायकांच्या खोलीतलं शूटिंग तिच्याकडं असतं, तेवढ्यासाठी येते. बाहेर आली की कॅमेरा माझ्याकडं देते. तिलाही बरं, जरा विरंगुळा.

१ मार्च.
रोज दुपारी आप्पासोच्या केबलच्या ऑफिसात बसून परदेशी गाण्यांचे व्हिडिओ बघतोय. अभ्यास. निष्कर्ष असे की धूर पाहिजे, अंधार पाहिजे आणि गायक कुठंतरी अडकलेला पाहिजे. डायरेक्टरचे केस लांब असतात. आप्पासोनं विचारलं, ते तर पडद्यावर दिसत न्हाईत, मग केस लांब कशावरनं? मी टीव्हीचा आवाज वाढवला. अशा गोष्टी जाणवतात.

मामांनी केस कापून यायला सांगितलं. स्पष्ट नकार दिला. संध्याकाळी कापले. उन्हाळा फार आहे.

१२ मार्च. लोणंद.
लोकेशन बघायला राजरत्नच्या घरी. त्याचे वडील राजाराम रेल्वेत गेटमन होते. तीस वर्षं फाटकावर. राजरत्न सांगत होता की गाणं त्यांच्यावरच आहे. दुसऱ्यांसाठी दार उघडायचं, लावायचं आणि आपण तिथंच. भावाच्या लग्नालासुद्धा त्यांना फाटक सोडता आलं नव्हतं. त्याला वाटतं, वडिलांना फाटकापाशी नुसतं उभं करावं आणि आपण शेजारी उभं राहून गावं. बस्स.

मी समजावलं की यात व्हिज्युअल नाही. राजारामकाका म्हणाले, "आमचं कशाला घेता? गाणं पोराचं हाय." त्यांनासुद्धा पटलं. राजरत्न उठून चहाचं सांगायला आत गेला. चहा झाला.

परत येताना एसटीत कन्सेप्ट सुचला. हरिपूरचं पेव.

१३ मार्च.
पेव म्हणजे सांगलीजवळ हरिपुरात हळद साठवतात तो जमिनीतला खड्डा. तोंड माणूस जाईल एवढं, पोट घराएवढं. त्यात राजरत्न. एकटा. वर उजेडाचा गोल. खालून धूर. परदेशात असं कुणाकडं नाही, कारण परदेशात हळद नाही.

हरिपूरच्या ज्योतिबा अडत्यांच्या मुलीचं लग्न मी केलं होतं (शूटिंग). त्यांची पेवं आहेत. ते नाही म्हणणार नाहीत.

राजरत्नला फोन केला. त्यानं पेव किती खोल असतं ते विचारलं. मग म्हणाला, तू म्हणतोस तर बघू. उत्साह लपवत होता.

८ एप्रिल. पाडवा.
आज मामांना सांगितलंच. लग्नं बंद, मी आता संगीताच्या व्हिडिओकडं वळतोय. मामांनी शांतपणे ऐकलं. मग मे महिन्याचं कॅलेंडर पुढं ठेवलं. प्रत्येक तारखेला गोल. ह्या तारखा कोण करणार, असं विचारलं. मी म्हणालो, मी. बोलणं संपलं. पण मुद्दा त्यांच्यापर्यंत पोचला.

२३ एप्रिल मोकळा आहे. त्या दिवशी हरिपूरला साखरपुडा आहे असं सांगितलं. खोटं नाही. कुठंतरी असेलच.

१४ एप्रिल.
लोणंदला जयंतीच्या कार्यक्रमात राजरत्न गायला. मला बोलावलं होतं. गर्दीत त्याचे शॉट घ्यायचे होते. मामांनी खानापूरच्या हळदीला धाडलं. आप्पासो जाऊन आला. सांगत होता की अख्खं मैदान 'दार कुणी लावलं' म्हणत होतं आणि 'सिग्नल' हे त्याचं दुसरं गाणं तर तीनदा म्हणायला लावलं. त्या वेळी मी नवरदेवाच्या आत्याला सांगत होतो की इकडं बघा, हसा.

ही जागा सोडली पाहिजे. जूनपर्यंत मुंबई. फार तर जुलै.

२३ एप्रिल. पहाटे.
निघतोय. शिवांजली येते म्हणते. जुना कॅमेराही घेतलाय तिनं. येऊ दे. पाणी, डबे वगैरे बघायला कुणीतरी लागतंच.

२४ एप्रिल.
काल लिहिता आलं नाही. हात उचलत नव्हता. कॅमेऱ्याच्या वजनानं.

सगळं क्रमानं लिहितो. ज्योतिबांनी पेव आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं, आत कंदील सोडून हवा बघितली होती. हमालांनी माझ्या कमरेला दोर बांधून मला खाली सोडलं. मग कॅमेरा, मग हॅलोजन आणि त्याची वायर. प्लॅन असा की मी खालून शूट करणार आणि राजरत्न दोरावरून गात गात उतरणार. मी 'कट' म्हणेपर्यंत कुणी मध्ये पडायचं नाही अशी सक्त सूचना दिली होती. लायटिंगला वेळ लागेल म्हणून हमालांना जेवायला पाठवलं. तीही माझीच सूचना.

मग लाईट गेली.

पेवात अंधार असतो हे माहीत होतं. तो अंगाला लागतो हे माहीत नव्हतं. तोंड वर बशीएवढं दिसत होतं. हळदीचा वास घशात उतरत होता. भिंत चाचपली तर ती गोल, कोपराच नाही. पाठ कुठं टेकवावी कळेना. मी 'कट' म्हणालो. पेवात आवाज घुमतो. वर काय ऐकू गेलं कुणास ठाऊक, शिवांजली वाकून विचारू लागली की आणखी काय करू म्हणता. मी पुन्हा 'कट' म्हणालो. राजरत्न बरं म्हणाला आणि केस विंचरून आला.

त्यानंतर मी काय बोललो ते आठवत नाही.

एवढं आठवतं, की राजरत्न तोंडाशी पालथा पडला. त्याचं डोकं आलं तसा होता नव्हता तो उजेडही गेला. म्हणाला, "मान्या, भिऊ नगंस गड्या. हमाल येत्यात. मी हितंच हाय." मी भ्यालेलो नाही हे सांगायला गेलो तर दात वाजायला लागले. मग तो गायला लागला. 'दार कुणी लावलं.' गिटार नाही, ओरडणं नाही. हळू आवाजात, बाळाला निजवतात तसं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी बरोबर त्याच्या आवाजाखाली उभा राहिलो. हललो नाही. त्याचा घाम माझ्या कपाळावर टपकत होता आणि मला तो पुसावासा वाटला नाही.

हमाल आले. मला वर ओढलं. वर आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की शॉट मिळाला.

२६ एप्रिल.
टेप बघितली. पूर्ण काळी. मध्ये एकदा माझा अंगठा. प्रयोग म्हणून बघितली तर ताकदीची आहे.

शिवांजलीनं तिचीही टेप लावली. तिच्यात राजरत्न पालथा पडून पेवात गातोय. नुसता चेहरा. एका बाजूला ऊन, एका बाजूला पेवाचं काळं. कॅमेरा जागचा हलत नाही. मी विचारलं, नवरा खाली अडकलेला असताना तुला शूटिंग कसं सुचलं?

तिनं टेप मागं नेऊन बाहेर काढली. मग म्हणाली, "आवं, काय करावं कळंना म्हणून कॅमेरा धरला. आणि धरल्यावर वाटलं, आज ह्यो परत मागायला कुणी न्हाई."

मी रागावलो नाही. बॅटरी किती उरलीय ते विचारलं.

२८ एप्रिल.
राजरत्न दोन्ही टेप घेऊन पुण्याला गेला. मी माझीच द्यायची म्हणालो होतो. तो म्हणाला, असू दे, दोन्ही असू दे.

१२ मे.
विटा, मायणी, पुन्हा विटा. तीन लग्नं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला असताना दुकानात कंपनीचा फोन. माझी टेप कोरी निघाली म्हणून परत पाठवतायत. (कोरी आणि काळी यातला फरक पुण्यात कळत नाही.) दुसरी टेप जशीच्या तशी घेणार. सुरुवातीला ते नुसतं हळू गाणं, मग कॅसेटमधला बँड सुरू. एक फ्रेमही कापणार नाहीत म्हणे. शिवांजलीशी बोलायचंय म्हणाले. मी सांगितलं, डायरेक्टर मीच बोलतोय. ते म्हणाले, मॅडमना द्या.

शांतपणे विचार केला. राजरत्न तसा गायला कुणामुळं? मी खाली होतो म्हणून. म्हणजे शॉट माझाच. खालून डायरेक्ट केलेला.

१५ मे.
मिक्सिंगसाठी शिवांजलीला पुण्याला बोलावलंय. हे मामांना मीच मुद्दाम सांगितलं. लग्न झालेली बाई, परगाव, स्टुडिओ. ते परवानगी देणार नाहीत याची खात्री होती. मामा म्हणाले, "जाऊ दे की. मी जातो संगं. तुमी दुकान बगा."

दुकान बघतोय.

२१ जून.
व्हिडिओ चॅनेलवर लागला. दिवसातून चार-पाच वेळा लागतो. राजरत्नला मुंबईहून कार्यक्रम येतायत. लोक विचारतात, तो खाली बघून कुणासाठी गातो? आप्पासोच्या मते मेलेल्या प्रेयसीसाठी. सांगलीच्या एका पेपरात आलंय की ती विहीर म्हणजे आजचा समाज. मी कुणाला काही सांगत नाही. मोठेपणा असतो माणसात.

एक तांत्रिक दोष राहिलाय. गाणं संपताना खालून कुणाचातरी आवाज येतो. "आई गं, मला वर वडा." कंपनीला तो इफेक्ट वाटला, ठेवला. तो आवाज माझा असणं शक्य नाही. मी घरीसुद्धा प्रमाण मराठी बोलतो. 'वडा' म्हणणार नाही, 'ओढा' म्हणेन.

२७ जून.
बाजारातून स्कूटर घेऊन निघालो की मागून कुणीतरी म्हणतं, "वर वडा." वळून बघितलं की सगळे भाजी घेत असतात. देवीच्या देवळाकडून लांबच्या रस्त्यानं येतोय हल्ली. व्यायाम होतो.

मुंबईचं पुढं ढकललंय. पाऊस फार आहे तिकडं.

६ जुलै.
सकाळी जीप लोणंदला गेली. 'सिग्नल'चा व्हिडिओ. राजरत्नच्या मनासारखं होणार, राजारामकाका फाटकापाशी उभे राहणार आणि तो शेजारी. दोन्ही कॅमेरे नेले. मामा पुढच्या सीटवर, टोपी घालून. शिवांजलीनं मला विचारलं, येताय का? मी म्हणालो, दुकान कोण बघणार? ती बरं म्हणाली. आणखी एकदा विचारेल असं वाटलं होतं.

गिऱ्हाईक नाही. आप्पासोनं व्हिडिओ चॅनेलवरून टेप करून दिला होता, तो लावला. आजवर शेवटी मी आवाज बंद करून उठत असे, त्यामुळं एक गोष्ट राहून गेली होती. 'वर वडा'नंतर नावं येतात. दिग्दर्शन. खाली मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक: शिवांजली. मानसिंग. मोहिते.

मानसिंग मी.

आप्पासोला हाक मारून आणलं. बघ म्हटलं, दिग्दर्शनात माझं नाव आहे, मधोमध. तो म्हणाला, दिसलं नाही, लगेच गेलं. मागं नेऊन पॉज केलं. आमचा व्हीसीआर जुना आहे, पॉज केला की पडद्यावर एक पांढरा पट्टा थरथरत राहतो. वर शिवांजली वाचता येतं. खाली मोहिते वाचता येतं. मधे पट्टा. पुन्हा मागं नेलं, पुन्हा थांबवलं. तिथंच. आप्पासो म्हणाला, व्हीसीआरचं हेड साफ करून बघ, आणि जेवायला गेला.

हेड साफ केलं. पट्टा तिथंच आहे.

शिवांजलीला तो घालवता येतो. ती लोणंदला आहे.