ताइवोच्या नावाचं रक्त

९ ऑक्टोबर
नाही म्हणजे नाही! माझी जुळी, ताइवो, रक्त द्यायला तयारच नाही. मागच्या वर्षी तिच्या आतड्यातली गाठ काढली. ती परत आलीय का, ते रक्तावरून कळतं — तेवढंच तर करायचंय. "माझ्यातून गेली ती," म्हणते. मी म्हटलं, "मग दे की रक्त! घाबरतेस कशाला?" तर माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "कुठे गेली ते मला कळायला नकोय."
मूर्ख बाई!
संध्याकाळी आईनं जुळ्यांच्या नावाची चवळी शिजवली. गल्लीतली पोरं जेवायला आली, त्यांना आईची तीच गोष्ट — थोरली केहिंदे, म्हणजे मी, पोटातच बसून राहते, धाकट्या ताइवोला पुढे पाठवते. जा, जग कसं लागतं ते चाखून ये. ताइवो रडून सांगते, मग केहिंदे बाहेर येते. मागून आली तरी पाठवणारी म्हणून थोरली तीच.
"दर वेळी मलाच पुढे धाडते ही," ताइवो म्हणाली, आणि ताटातली सगळी चवळी माझ्या ताटात लोटली.

११ ऑक्टोबर
आईच्या डोळ्याला डोळा नाही. बाबा याच दुखण्यानं गेले. रिपोर्ट चांगला आला की शांत होईल ती.
ठरलं. मीच जाणार! आम्ही हुबेहूब जुळ्या, रक्त दोघींचं एकच — मग कोणी का देईना.

१२ ऑक्टोबर
इबादानच्या इस्पितळात जाऊन आले. तिचं कार्ड, तिचाच डोक्याचा रुमाल, तिच्यासारखा डावीकडे बांधलेला. सिस्टर मोरेनिके म्हणाली, "अगं ताइवो, किती रोडावलीस! गेल्या वेळी बरी होतीस की."
रोडावले? मी?
नाव पुकारलं. तिच्या नावाला 'हो' म्हटलं आणि वाटलं, ती मागेच उभी आहे. वळून बघितलं. कोणी नाही.
घरी आले तर ताइवो डावा दंड चोळत बसलेली. "सकाळी काहीतरी टोचलं," म्हणाली. मी तर तिला काहीच सांगितलं नव्हतं!

२६ ऑक्टोबर
पोट पुन्हा बिघडलंय. रश्शात मिरची जास्त पडली असणार.

२ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. आई, ताइवो, मी — तिघी गेलो होतो. आईला वाटतं रक्त ताइवोनंच दिलं, आणि ताइवोनंही ते खोडलं नाही. डॉक्टर अदेग्बिते हळू आवाजात बोलत होते. गाठीचे बारीक तुकडे रक्तात सुटतात म्हणे, त्यांत जनुकाचा बिघाड सापडलाय. "पण जुन्या गाठीतला नाही, हा वेगळाच. बहुतेक जुनी परतलेली नाही — नवी आहे."
आईनं ताइवोला कवटाळून हंबरडा फोडला. ताइवो रडली नाही. आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली.
मी विचारलं, "डॉक्टर, जुळ्यांचं रक्त एकच ना?"
"जन्माचं एकच. पण गाठ ज्याची त्याची, बाई. तिचे तुकडे त्याच्याच रक्तात."
ते रक्त माझं! मेली मी आईला काय सांगू? भीती वाटतेय, फार भीती वाटतेय.

३ नोव्हेंबर
अजून कोणाकडे चकार शब्द काढला नाही. उठले तर दारात पिशवी भरून ठेवलेली. ताइवोची, ती इस्पितळात न्यायची तीच. उघडून बघितली — आत माझे कपडे.
"चल," ताइवो म्हणाली. "घाबरू नकोस. मी आधी चाखून आलेय."