रिटर्न आलेली जर्सी

१३ जून २००६, मंगळवार

पहिली ओळ तीनदा खोडली. इतका संताप आहे. क्रमाने लिहितो.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक बाई आली आणि निळी सॉकर जर्सी काउंटरवर आपटली. गेल्या आठवड्यात इथूनच घेतलेली. एका धुण्यात छातीवरच्या बिल्ल्याची कड सुटली होती. चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाली, तुम्ही खोटा माल विकता. जर्सी हातात घेतली आणि कळलं, बाई बरोबर बोलतेय.

बिल्ला उलटून पाहिला. खऱ्या जर्सीत भरतकामाच्या मागे पातळ पांढरं अस्तर असतं, दोरे कापून साफ केलेले असतात. हिच्यात एका अक्षराचा दोरा तसाच पुढच्या अक्षरात ओढत नेलेला. काखेतली जाळी नुसती छापलेली, भोकं नाहीतच. धुण्याच्या सूचनांत दोन स्पेलिंगं चूक; ती तर मला सगळ्यांत आधी खुपली. बाईने टॅग पिशवीत जपून आणला होता. टॅग आमचाच, खरा. पण टॅगवरचा नंबर आणि जर्सीच्या आतल्या लेबलवरचा नंबर एकच असायला हवा, तो नाही. म्हणजे कुणीतरी खरी जर्सी घरी ठेवून तिचा टॅग या खोट्या जर्सीला लावला आणि ती रिटर्न केली. आम्ही ती घेतली आणि पुन्हा विकली.

हे सगळं मी मॅनेजर ग्रेगला दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुला इतकं कसं माहीत?"

मला वाटलं शाबासकी देतोय. मग त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मे महिन्यात रोख विक्री, नाव नाही. जूनच्या सुरुवातीला रिटर्न. रिटर्न घेणाऱ्याचा कोड माझा.

मी त्या वेळी जेवायला गेलो होतो. माझ्या जागी मार्कस उभा होता, माझ्याच कोडवर. सगळे तसंच करतात. ग्रेगसुद्धा करतो! मार्कसला बोलावलं. त्याला आठवतं ते एवढंच: उंच पोरगा, "मेबी इंडियन". वर म्हणाला, "मेबी हिज कझिन." आणि हसला. ग्रेग हसला नाही.

१४ जून, बुधवार

रात्री जेवताना ताईला आणि दाजींना सांगितलं. ताई भात वाढता वाढता थांबली. दाजी म्हणाले, "सॉरी म्हण आणि विषय संपव."

"कशाबद्दल सॉरी?"

"अरे, असंच. इथे सॉरी म्हटलं की माणसं शांत होतात."

मी न केलेल्या गोष्टीबद्दल सॉरी म्हणायचं म्हणजे केली असं कबूल करायचं. दाजींना हे कळत नाही असं नाही. त्यांना त्रास नको आहे. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडून मामांनी भरलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर इथे आलेला मेहुणा दोन वर्षं एका दुकानात टिकला, यातच त्यांना समाधान होतं. आता मी चोर ठरून घरी बसलो तर शॉमबर्गमध्ये दुसरं कुठलं दुकान मला उभं करणार?

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या टीमच्या जर्सी गल्लीतला टेलर शिवायचा. नंबर वाकडे यायचे. एकदा दोन पोरांना नऊच नंबर आला होता. त्या जर्सींना कुणी खोट्या म्हटलं नाही, कारण त्या दुसऱ्या कुणाचं नाव लावून फिरत नव्हत्या. ही फिरते. आणि आता हिला माझं नाव लावायला निघालेत.

१५ जून, गुरुवार

ग्रेगला म्हटलं, मला ती जर्सी पुन्हा एकदा नीट बघू दे. तो म्हणाला, माझ्यासमोर बघ. म्हणजे मी पुरावा खाऊन टाकीन बहुतेक.

मागच्या खोलीत टेबलावर उलटी पसरली. शिवण शिवण पाहत गेलो. खालच्या दुमडीत आतल्या बाजूला, डावीकडे, एक डाग. डाळीएवढा. एका धुण्याने फिका झालेला, मधे लालसर, कडेला तांबूस पिवळा. आधी वाटलं शाई. मग कळलं. हळदीला साबण लागला की ती अशीच तांबडी होते. हळद-कुंकू! नवा कपडा अंगात घालण्याआधी लावलेलं. घरी आई प्रत्येक सणाला लावायची, शाळेच्या खाकी पँटलाही लावायची.

इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे ग्रेगला सगळं सांगून बसलो. आमच्यात नव्या कपड्याला असा ठिपका लावतात, ही जर्सी अशा घरातून आली आहे, ते घर शोधलं की...

ग्रेग शांतपणे म्हणाला, "सो, इट केम फ्रॉम अ हाउस लाइक युअर्स."

 दुकानात आमच्याकडचा मी एकटा. मी स्वतःच्या हाताने त्याला माझ्या फासाचा दोर दिला.

चौकशीला हेड ऑफिसचा माणूस येणार आहे. तोवर मला शिफ्ट नाही. "नथिंग पर्सनल," ग्रेग म्हणाला. माझ्या नावावर चोरी टाकतात आणि पर्सनल नाही!

१७ जून, शनिवार

दोन दिवस घरी. ताईच्या कपाटातले माझे सगळे शर्ट उलटून पाहिले. एकावरही ठिपका नाही. हे ग्रेगला दाखवता येणार नाही हे मला कळतं, तरी पाहिले.

ताई म्हणाली, "हळद-कुंकू काय, गुजराती लावतात, तेलुगू लावतात. निम्मं शॉमबर्ग लावत असेल."

"तू लावतेस?"

"मी इथे आल्यापासून नाही लावलं." जरा वेळाने म्हणाली, "नाडकर्णी काकू मात्र अजून लावतात. मागे मला साडी दिली तीसुद्धा ठिपका लावूनच."

आणि मला आठवलं. मे महिन्यात नाडकर्णी काकू दुकानात आल्या होत्या. रोहनचा, त्यांच्या मुलाचा, अठरावा वाढदिवस होता. निळी जर्सी मीच काढून दिली, साइझ मीच सांगितला, रोख पैसे मीच घेतले. उंच पोरगा. मेबी इंडियन.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "सुहास, गप्प बस. दाजी रोज नाडकर्णी काकांच्या गाडीतून ऑफिसला जातात."

म्हणून मी चोर व्हायचं? गाडीसाठी?

१८ जून, रविवार

ताईला न सांगता गेलो.

नाडकर्णी काका इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत. दार उघडलं तेही अध्यक्षासारखंच. "ये, ये. मॅच बघतोय." सोफ्यावर रोहन पाय पसरून बसलेला. अंगात निळी जर्सी. मी टीव्हीकडे पाहिलंच नाही. बिल्ला छातीला सपाट बसलेला, काखेतली जाळी खरी, भोकांतून त्याचा आतला बनियन दिसत होता. दहा फुटांवरून सांगितलं असतं, ही आमच्या दुकानातली.

काकूंनी पोहे आणले. मी बशी हातात घेतली आणि बोललो. आवाज चढवला नाही. बाई, बिल्ला, कोड, चौकशी, सगळं क्रमाने. शेवटी ठिपका.

काकू लगेच म्हणाल्या, "हो मग, मीच लावला. दोन्हींना लावला."

"दोन्हींना?"

"मी आणली ती एक, आणि याने इंटरनेटवरून मागवलेली दुसरी, ती पार्सलने आली. घरात कोरं जे येईल त्याला मी लावतेच. ओलं करून, आतल्या दुमडीला, डावीकडे. बाहेर दिसलं तर हा घालत नाही."

"आई, स्टॉप," रोहन म्हणाला.

"का रे? दुसरी कुठंय तुझी?"

तो उठून वर निघून गेला. काकू त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांना त्या क्षणी समजलं असावं. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "सुहास, तू काय म्हणतोयस ते तुला कळतंय ना? तो ऑगस्टमध्ये कॉलेजला जातोय. असलं काही नावावर आलं तर त्याचं सगळं..."

"काका, आत्ता ते माझ्या नावावर आहे."

"तुझं वेगळं आहे रे. तुला दुसरं दुकान मिळेल. मी बघतो कुणाला सांगून."

तुझं वेगळं आहे! हे वाक्य मी गाडी चालवत घरी येईपर्यंत मोठमोठ्याने म्हणत होतो. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला. वेगळं काय आहे माझं? बदनामी स्वस्त लागते मला? रोहनला कॉलेज आहे, म्हणून त्याला भविष्य आहे. मी दुकानात घड्या घालतो, म्हणून मला नुसतं दुकान आहे. हे नाही तर ते.

आणि पोहे मी संपवले. तेवढ्यातही संपवले. याचा राग वेगळाच.

२० जून, मंगळवार

काल सकाळी नाडकर्णी काकांची गाडी दाजींना घ्यायला आली नाही. फोनही नाही. दाजी टॅक्सीने गेले. आज ताई सोडून आली आणि स्वतःच्या कामावर उशिरा पोचली. दाजी माझ्याशी बोलत नाहीत. ताईमार्फत बोलतात, मी समोर बसलेला असताना.

"त्याला विचार, अजून किती जणांच्या घरी जाणार आहे."

ताई म्हणाली, "तूच विचार. आणि हेही विचार, त्याने केलं नसताना तो का ऐकून घेईल."

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे न बघता ताटं उचलत होती.

दुपारी ग्रेगचा फोन. हेड ऑफिसचा माणूस गुरुवारी सकाळी येतोय. ठिपक्याची गोष्ट त्याला मीच सांगायची, ग्रेग स्वतः ती लिहून देणार नाही. ठिपका लावणारं कुणी असेल तर समोर आण, म्हणाला. ग्रेगच्या आवाजात या वेळी थोडा... माहीत नाही. मला आता कुणाच्या आवाजावर भरवसा नाही.

मार्कसचा पण मेसेज. कझिनचं बोललो ते गंमत होती, सॉरी. हे त्याने तेव्हाच ग्रेगसमोर म्हणायला हवं होतं.

२१ जून, बुधवार

काका ऑफिसला गेल्यावर नाडकर्णी काकूंचा फोन आला. "बोलू शकतोस का?" इतक्या हळू की मी आधी ओळखलं नाही.

म्हणाल्या, मी त्या रात्री रोहनच्या खोलीत गेले. त्याने सांगितलं. नेटवरची खोटी निघाली, परत कोणी घेईना. मग मी आणलेल्या जर्सीचा टॅग काढून त्या खोटीला लावला. एवढं हसत हसत सांगितलं मला, सगळी मुलं करतात म्हणाला, कुणाचं काय जातं म्हणाला.

त्यावर मी बोललो असतो तर काय बोललो असतो ते इथेही लिहीत नाही.

"उद्या मी येते तुझ्या दुकानात. ती खरी जर्सी घेऊन येते. दोन्हीवर ठिपका एकाच जागी आहे, एकाच बोटाचा आहे."

मी म्हटलं, मी न्यायला येतो. मग स्वतःच म्हटलं, नको. माझ्या गाडीतून उतरलात तर म्हणतील काकूला पढवून आणलं. काकू गाडी चालवत नाहीत. मागून ताईने फोन हातातून घेतला. मला माहीतच नव्हतं ती उभी आहे. "काकू, मी येते तुम्हाला घ्यायला. दाराशी सोडीन, आत येणार नाही." दाजींना काय सांगणार विचारलं तर म्हणाली, "सांगेन काहीतरी. किंवा खरं सांगेन."

फोन परत माझ्याकडे. काकू म्हणाल्या, "इंग्रजी येतं रे मला, वीस वर्षं झाली इथे. पण असल्या ठिकाणी जीभ चालत नाही. हळद-कुंकवाला काय म्हणायचं?"

"रेड पावडर म्हणा."

"पावडर म्हणतोस! भलतंच काही समजून पोलीस बोलावतील ते."

दोघंही हसलो. या आठवड्यात पहिल्यांदा. मग बसून वाक्यं ठरवली. आम्ही नवीन कपड्याला शुभ म्हणून खूण करतो. ही खूण मी केली. हीपण मी केली. एक तुमच्या दुकानातली आहे, एक पार्सलने आली. त्या प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत होत्या, मी चुकलं तिथे सुधारत होतो. "दिस इज माय मार्क" चांगलं जमलं.

मग मी म्हटलं, "काकू, त्यानंतर तो विचारेल, ही दुकानात परत कोणी आणली."

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज, मग बंद.

"ते वाक्य तू नको सांगूस," काकू म्हणाल्या. "ते येतं मला."

पण म्हणून दाखवलं नाही.