अण्णा, तुमच्या नावाची शिष्यवृत्ती

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि सुभाष तुमच्या नावानं शिष्यवृत्ती काढतोय. जाफराबादेत बारावीला पहिली येणाऱ्या मुलीसाठी, दरवर्षी. काल फोनवर म्हणाला, "ताई, नियम तूच लिव्हून दे. तुझं लिव्हणं बिलकुल अण्णांसारखं हाय." माझ्या भावाला टोमणे मारता येत नाहीत, म्हणजे तो मनापासूनच बोलत होता! नियम लिहायला बसले आणि हे पत्र सुरू झालं.

मीही पहिली आले होते ना हो? जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला फी माफ, मुलींच्या वसतिगृहात खोली आणि दोन वेळचं जेवण फुकट. दीड महिना मी तिथं राहिले. प्रयोगशाळेतला तो कुबट वास मला अत्तरासारखा वाटायचा. खरंच सांगते.

मग समाजाच्या मंडळानं शिष्यवृत्ती जाहीर केली. वर्षाची पुस्तकं येतील एवढीच. पण स्टेज होतं, भाषणं होती, आणि शाल माझ्याऐवजी तुमच्या खांद्यावर पडली. किती सुंदर हसलात तुम्ही त्या दिवशी! तसं माझ्याकडे बघून कधी हसला नव्हतात.

दुसऱ्याच दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन तुम्ही एस.टी.नं कॉलेजात आलात. कोणी बोलावलं होतं? कारकुनाच्या टेबलावर पेढे ठेवलेत आणि वर मंडळाचं प्रमाणपत्र. त्यानं पेढा तोंडात टाकला, प्रमाणपत्र वाचलं आणि रजिस्टर उघडलं. "एका पोरीला दोन ठिकाणचं चालत न्हाई, काका. दुसरी शिष्यवृत्ती घेतली की आमची सवलत बंद."

तहसील कचेरीबाहेर फळी मांडून सगळ्या तालुक्याचे अर्ज लिहिणारे तुम्ही! "खालचं बारीक वाचल्याबिगर सही करू नका," असं शेकडो लोकांना बजावणारे! माझ्या सवलतीच्या कागदावर हा नियम छापलेला होता, आणि त्याखाली सही तुमचीच होती.

कारकून वाईट नव्हता. त्यानं वाटही दाखवली. "मंडळाची शिष्यवृत्ती सोडल्याचं पंधरा दिवसांत लिव्हून आणा. पोरीचं नाव बराबर परत चढवतो."

तो अर्ज मीच लिहिला. फक्त पालकाची सही हवी होती. तुम्ही फळीवर बसला होतात, मी कागद समोर ठेवला. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि म्हणालात, "चांगला लिव्हला. समास जरा जास्ती सोडायचा." आणि परत दिलात. सही न करता!

मी पाया पडले होते, अण्णा. भर बाजाराच्या दिवशी, लोकांसमोर.

"स्टेजवर घेतलेलं माघारी देऊन राह्यला म्हणतील मला," तुम्ही म्हणालात. "मंग त्या शालीचं तोंड कोणाला दाखवू?"

शालीला तोंड असतं का हो? मला होतं.

तुमची सही मला हुबेहूब करता यायची. का केली नाही? भित्री होते म्हणून. तेवढा दोष माझा, तो तुमच्यावर ढकलत नाही. पंधरा दिवस संपले, खोली दुसरीला गेली, मी ट्रंक घेऊन घरी आले. फी भरण्याची आपली ऐपत नव्हती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पण मला बघायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही काय सांगितलंत? "पोरीचं मन लागलं न्हाई हॉस्टेलात. सोडून आली." मी पोह्यांचं ताट धरून दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि चहा लवकर आण म्हणालात.

त्या खोटेपणासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही नाही. ती शाल पेटीतून मीच काढून दिली, "अण्णांच्या मानाची आहे, अंगावर घाला" म्हणून. सगळ्या बायका रडल्या. मला नुसतं बरं वाटलं, आता ती जळेल म्हणून.

आता नियम ऐका. सत्कार नाही, शाल नाही, स्टेज नाही. ही शिष्यवृत्ती घेतल्यानं मुलीची फीमाफी, खोली किंवा जेवण बंद होणार असेल, तर तिनं ती नाकारावी. नाकारण्यासाठी तिची एकटीची सही पुरे. पालकाची सही लागणार नाही.

वर तुमचं नाव घालीन, सुभाषचा हट्ट आहे. पण वचन देते, की अण्णांच्या मुलीचं शिक्षण का सुटलं, असं कोणत्याही मुलीनं विचारलं तर तिला खरं सांगीन. तुमच्या फोटोखाली उभी राहून सांगीन.

समास भरपूर सोडलाय. बघा, काही सुधारायचं असेल तर.

तुमची,
मन लागलेली
मंदा