बाईंची शाल

निमसे बाई,

हे पत्र कुठं टाकायचं ते माहीत नाय, तरी लिहितोय. मी वाळू. शाळेतून सटकून नदीकाठी जाऊन बसायचा, तोच. त्या काठाला आता रिसॉर्ट झालंय, ते जाऊ दे.

तुमी हुडकत यायच्या, पण मारलं कधीच नाय. शेजारी बसून विचारायच्या, "काय बघितलंस रे आज?" मी खंड्या सांगायचो, साप सांगायचो. मग म्हणायच्या, "चल, हेच पाटीवर लिही." असाच लिहायला शिकलो. पुढं वापी, नाशिक, कुठं कुठं फिरलो. असं परत कोणी विचारलं नाय.

तुमी रिटायर झाल्या तेव्हा गावानं सत्कार ठरवला. शाल आली, नारळ आला. पण सरपंच म्हणाले, "पाहुणा मोठा पायजे." मोठ्या पाहुण्याची तारीख काय मिळेना. पारूकाकी बोललीसुद्धा, "अरे, बाईंना शाल घालायला आपले हात काय मोडलेत?" आमी सगळे हसलो. पावसाळा गेला, नारळातलं पाणी आटलं.

काल खर्डीला तुमच्या दारात आलो, ते मयतीला. सरपंचांनी शाल आणली होती, दुकानाच्या पिशवीतच. त्यांचा हात काय उचलेना. म्हणाले, "वाळू, तू घाल." मी घडी मोडली आणि तुमाला थंडी वाजत असल्यासारखी गळ्यापर्यंत ओढली.

काय बघितलं सांगू, बाई? शाल घालायला पाहुणा लागलाच नाय.

तुमी हुडकून आणलेला,
वाळू