सातवा पोपट

अण्णा,

आपल्या घरावरच्या पोपटांपायी मला या वयात महापालिकेत जाऊन उभं राहावं लागलं. तुम्हाला जाऊन चौतीस वर्षं झाली, नाहीतर मी तुम्हालाच पुढे केलं असतं. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सातवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "मास्तरांनी मारलं का?" आणि मी म्हणालो होतो, "नाही, कविता म्हणायला उभं केलं." तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात रंधा दिलात आणि म्हणालात, "याच्यापुढे बोलावं लागत नाही." मग मी सुतारही झालो नाही, ते सोडा. खडकीच्या कारखान्यात चिकटलो आणि पस्तीस वर्षं पॅकिंगची खोकी ठोकली. पण पोपटांचं सांगायचं आहे, भलतीकडे जातो.

आपलं घर तुम्हाला आठवत असेल तसंच होतं. बारा फूट रुंद, खाली तुमचं दुकान, वर दोन मजले, आणि तो जिना. तुम्ही त्या जिन्याला धरायला दोरी बांधली होती, ती मी तीनदा बदलली. जिना काही बदलला नाही. तुमच्या सुनेचे गुडघे गेले आणि तेव्हा चार महिने ती खाली उतरलीच नव्हती. सज्जातून दोरीला टोपली सोडायची आणि भाजीवाल्याशी दुसऱ्या मजल्यावरून भाव करायची. "मेथी दाखवा. उलटी करून दाखवा. आत काय दडवलंय?" सगळी आळी ऐकायची. ती हसत होती, पण एकदा संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, मला एकदा रस्त्यावरून चालत जाऊन कोपऱ्यावर उसाचा रस प्यायचाय. बाकी काही नको." त्यानंतर मला चैन पडेना. तुमचा नातू, ज्याला तुम्ही रांगताना पाहिलंत, आता हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. सकाळी सव्वासातला कंपनीची बस पकडतो. तो म्हणाला, "बाबा, जिना दुरुस्त करून काही होणार नाही. पाडून नवीन बांधू. चार मजले, लिफ्ट. मी लोन घेतो." लोन म्हटल्यावर मी आठ दिवस झोपलो नाही, पण लिफ्ट म्हटल्यावर हिने जो चेहरा केला, तो बघून गप्प बसलो. नकाशे झाले. आणि नेमकं त्याच आठवड्यात दारावर नोटीस चिकटली.

आपलं घर म्हणे शहराच्या वारशाच्या यादीत घातलंय. दर्शनी भाग जुन्या काळच्या कारागिरीचा नमुना असून, तो पाडता येणार नाही, उंची वाढवता येणार नाही, हरकत असल्यास एका महिन्यात कळवा. मी ती नोटीस पाच वेळा वाचली, तीन झेरॉक्स काढल्या आणि एक देवघरात ठेवली. हिला वाचून दाखवली, तर म्हणाली, "जुन्या काळचं घर नाही, मी आहे. मला घाला म्हणावं यादीत. निदान कोणी पाडणार तरी नाही."

मग एक बाई पाहणीला आल्या. अगदी तरुण मुलगी, पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा. फार नम्र. आल्या आल्या रस्त्यावर उभी राहून वर बघत बसली आणि मागून रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, वर काय स्वर्ग दिसतोय का?" तिला ऐकूच आलं नाही. सज्जाखाली आधाराला तुम्ही बसवलेले ते सात लाकडी पोपट. एकेकाचा फोटो काढला तिने. सातव्यापाशी थांबली. सहा पोपट वर चोच करून बसलेले आणि सातवा डोकं खाली, शेपूट वर. "काका," ती म्हणाली, "हे फार दुर्मिळ आहे. पोपट असा उलटा लटकतो ना, त्याचं किती बारीक निरीक्षण आहे बघा. दोनशे वर्षांपूर्वीचा कारागीर, पण नजर काय!"

अण्णा, मला घाम फुटला. मी म्हणालो, "ताई, दोनशे नाही, पन्नास. माझ्या वडिलांनी केलंय हे सगळं." ती हसली. आजोळच्या म्हाताऱ्याकडे बघून हसतात तशी. "सगळ्यांना तसंच वाटतं काका. काही पुरावा आहे का?"

पुरावा! तुम्ही आयुष्यात कशावर सही केली नाहीत. वाड्यावाड्यांतले खांब आणि दारं दुरुस्त करून परत यायचात, लोक त्यांच्या पणजोबांचं काम म्हणून पाहुण्यांना दाखवायचे, आणि तुम्ही गप्प. एकदा मी चिडून म्हणालो होतो, "अण्णा, सांगा ना ते तुम्ही केलंय म्हणून." तर म्हणालात, "जोड दिसला नाही, म्हणजे सांगितल्यासारखंच आहे." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता तर त्याने माझी पंचाईत झाली. तुमचं काम इतकं बेमालूम, की ते तुमचं आहे हे सिद्ध केल्याशिवाय तुमच्या सुनेला उसाचा रस मिळायचा नाही.

आणि त्या मुलीला मी पुरतं खरं सांगितलंच नाही. सातव्या पोपटाचं. तो दिवस मला अजून दिसतो. मी एकोणीस वर्षांचा आहे. सहा पोपट तुम्ही तुमच्या हाताने बसवले आहेत, बाभळीच्या मेखा तासून, एकेका मेखेला अर्धा तास. खिळा तुम्हाला चालत नाही. "खिळा मारायला माकडही शिकेल," हे तुम्ही दिवसातून एकदा म्हणता. सातवा राहिला आहे, आणि तुम्हाला एका गिऱ्हाइकाने बोलावलं आहे. "मेख तासून ठेव, मी आलो की बसवू," म्हणून तुम्ही जाता. मला तीनचा सिनेमा गाठायचा आहे, मित्र कोपऱ्यावर शिट्ट्या मारतायत. मी शिडीवर चढतो, पोपट लावतो, चार इंची खिळा घेतो आणि पाच घावांत ठोकतो. आधाराच्या दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे कसाही फिरवला तरी बसतो. मी खाली उतरून वर बघतही नाही.

सिनेमा बघून आलो तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसला होतात. समोरचे गिरणीवाले पिठाचे हात झटकत बाहेर आले आणि ओरडले, "अहो मिस्त्री, तुमचा एक पोपट शीर्षासन करतोय!" मी वर पाहिलं. तुम्ही बशीतला चहा संपवला. "मुद्दाम केलाय," म्हणालात. "दृष्ट लागू नये म्हणून. एवढं चांगलं काम झाल्यावर एक खोट ठेवावी लागते." गिरणीवाल्यांना एकदम पटलं. "वा! हे मात्र खरं," म्हणाले. माझ्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत. जेवताना काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे कधीच नाही. तुम्ही मला वाचवलंत, की शेजाऱ्यांसमोर लाज वाटून झाकलंत, की तुम्हाला खरंच खिळ्याचं कळलं नाही, हे मला कळेना. पुढच्या महिन्यात मी खडकीला अर्ज केला. त्याचं कारण तुम्हाला मी पगार सांगितलं होतं. कारण हे होतं.

पुराव्याच्या मागे मी सगळं घर उलथंपालथं केलं. मुलगा म्हणायचा, "बाबा, टेन्शन घेऊ नका." हे त्याला सांगायला सोपं आहे. शेवटच्या तारखेला आठ दिवस राहिले असताना मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डोकं धरून बसलो होतो, आणि ही म्हणाली, "पोपटाचा पुरावा म्हणजे तो पत्रा तर नव्हे?" कुठला पत्रा? तर उंदराच्या बिळावर तिने विटेने दाबून ठेवलेला. गेली वीस वर्षं! मी वीट काढली. अण्णा, तुमचा फर्मा! घासलेटचा डबा कापून केलेला, चोच, पंख, शेपूट सगळं बरोबर, हाच लाकडावर ठेवून तुम्ही कडेने पेन्सिल फिरवायचात. पोटाच्या जागी डब्यावरची छापील अक्षरं अजून अर्धी शिल्लक.

महापालिकेत हरकतीच्या सुनावणीला मी इस्त्रीचा सदरा घातला आणि दीड तास आधी जाऊन बसलो. लांबलचक टेबल, पलीकडे पाच माणसं, कडेला ती पाहणीवाली मुलगी. माझं नाव पुकारलं. मी पिशवीतून पत्रा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणालो, "साहेब, हा पोपट वरच्या सातही पोपटांना बरोबर बसतो. मापून बघा. आणि पेशव्यांकडे घासलेटचे डबे नव्हते." मधले चष्मेवाले साहेब जे हसले, ते डोळे पुसेपर्यंत. त्या मुलीने पत्रा फोटोवर धरला, उलटसुलट केला आणि मान हलवली. मग साहेबांनी विचारलं, "मग आजोबा, हा एक उलटा का?"

मी म्हणालो, "वडिलांनी मुद्दाम केला. दृष्ट लागू नये म्हणून." पन्नास वर्षांनी मी तुमचंच वाक्य वापरलं, आणि तेही सरकारी कागदावर.

महिन्याने पत्र आलं. घर यादीतून वगळलं आहे. हिने साखर वाटली. मी मात्र खालची ओळ वाचली आणि माझं डोकंच फिरलं. 'सदर काम अलीकडील काळातील असून त्यास वारसा मूल्य आढळत नाही.' आढळत नाही? दोनशे वर्षांचं वाटत होतं तोवर फोटो काढत होते, आणि आमच्या अण्णांचं म्हटल्यावर मूल्य नाही? मी उत्तर लिहायला घेतलं, दोन पानं लिहिली. हिने ती काढून घेतली. "यादीत घातलं तरी रडता, काढलं तरी रडता. आता परत घालून घेणार आहात का?" तेही बरोबरच. पण मी मुलाला सांगून टाकलं, नव्या इमारतीला सातही पोपट लागतील. "बाबा, खाली पार्किंगची एन्ट्री आहे." मग पार्किंगवर बसतील. "आर्किटेक्ट हसेल." हसू दे. तो वैतागून बसला तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "काका, आता नियम काही नाही, नुसती विनंती आहे. ते पोपट टाकू नका." मी फोन मुलाच्या हातात दिला. तिचं त्याने काय ऐकलं कोण जाणे, पण ऐकलं.

पोपट उतरवायच्या दिवशी मी सकाळी सहापासून रस्त्यावर उभा. प्रत्येकावर खडूने आकडा घातला. सहा निघाले. सातव्याला मी सुताराला ओरडून सांगितलं, "त्याला खिळा आहे, चार इंची, जपून! लाकूड फाटेल!" तो वरून म्हणाला, "कुठे खिळा, आजोबा? मेख आहे की." मी म्हणालो, नीट बघ. त्याने पोपट खाली आणून माझ्या हातात दिला. माझ्या खिळ्याचं भोक तुम्ही लाकडाची चिप्पी घालून बुजवलं होतं, नखालाही लागणार नाही असं. आणि शेजारी बाभळीची मेख. तासलेली, तेल पाजलेली. म्हणजे मी सिनेमात असताना तुम्ही शिडीवर चढलात, पोपट काढलात, खिळा उपटलात, अर्धा तास मेख तासलीत आणि तो सरळ करायचा सोडून परत उलटाच बसवलात. रस्त्यात उभा राहून मी एवढा हसलो, की नातवंडांच्या वयाची दोन पोरं थांबून माझ्याकडे बघायला लागली. गिरणीवाल्यांना तुम्ही खोटं बोलला नव्हतात, अण्णा. तो मुद्दामच केला होतात.

बांधकाम चाललं तेवढे दिवस आम्ही वारज्याला भाड्याने राहिलो. तिथेही ही तिसऱ्या मजल्यावरच अडकली. बांधकामाने मला जे छळलं, त्यावर दुसरं पत्र होईल. आता परत आलो आहोत. लिफ्ट आहे. तिचा आवाज आला की मी दचकतो, वीज गेली तर काय या विचाराने खिशात मेणबत्ती ठेवतो. ही मात्र पहिल्या दिवशी कारण नसताना चार वेळा वर-खाली गेली आणि पाचव्या वेळी खाली उतरून सरळ रस्त्याला लागली. कोपऱ्यावर तिने दोन ग्लास रस घेतला. मी जवळ उभा होतो. रसवाल्याला म्हणाली, "बर्फ कमी घाला, रस जास्त. वरून बघत होते मी रोज, तुम्ही काय करता ते."

हे पत्र फर्म्याच्या पिशवीत ठेवतो, बिळावर ठेवायला आता बीळ नाही. तुमच्यापासून लपवलेली एकच गोष्ट राहिली आहे, तीही सांगून टाकतो. सहा पोपट सुताराने बसवले, मेखा मारून. सातवा मी कोणाला हात लावू दिला नाही. उलटाच बसवायचा होता, आणि माझ्या हाताने. तीन दिवस मेखा तासल्या. एक आखूड झाली, एक वाकडी, दोन फुटल्या. शेवटी सुतार जेवायला गेल्यावर मी स्क्रू मारला. वरून पुट्टी भरून रंग लावलाय, कोणाला कळत नाही.